निकालाआधीचा सत्कार

“आवाज! आगं आवाज कुठाय? घरी ठिवून आलीस का?”

दाजी हॉलच्या शेवटच्या बाकावर उभे राहून ओरडत होते. बाकाजवळ नव्हे, बाकावर. मी पुढे पडद्यापाशी, हातात पॉइंटर. आमच्या मधे लातूरच्या त्या शिकवणी वर्गाचे रिकामे बाक, आणि त्यातल्या एकावर माझी थोरली बहीण अक्का मेथी निवडत बसलेली. दाजी तिचे नवरे. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसणाऱ्या पोरांना ते जीवशास्त्र शिकवतात. त्यांच्या आवाजाबद्दल एवढंच सांगते, की ते ‘पेशी’ म्हणाले की शेजारच्या डाळ मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडतात, आणि ‘पेशीविभाजन’ म्हणाले की संध्याकाळपर्यंत परत येत नाहीत.

“बोलतेय की मी,” मी म्हणाले.

“बोलून राहिलीस, पर कुनाशी? त्या पडद्याशी? त्याला समदं कळतंय बघ, मान हालवून राहिला.”

पंख्याच्या वाऱ्यानं पडदा खरंच हलत होता. अक्का मेथीच्या जुडीआड तोंड घालून हसली.

“दाजी, मेहुणीला शिकवताय का बहिणीवरचा सूड उगवताय?” मी विचारलं.

“सूड उगवायला तुज्या बहिणीनं ताकद शिल्लक ठिवलीय का माज्यात? पयल्यापासून सुरू कर. आन् पडद्याकडं पाठ कर.”

आता कुणाला वाटेल की मी बोलायला भित्री बाई आहे. तसं अजिबात नाही. मुरुडात आमच्या गल्लीतल्या नळावर मी बोलायला लागले की शेजारच्या दोन गल्ल्यांतली भांडणं आपोआप थांबतात, कारण भांडणारे ऐकायला येतात. लग्नात मला मुद्दाम जेवणाच्या पंगतीपासून लांब बसवतात, नाहीतर वाढप्यांच्या हातातलं वरण तिथंच निवतं. पण व्यासपीठावर चढले की ही बाई खालीच राहायची, चपलांजवळ. वर जायची ती कुणी वेगळीच. ती म्हणायची, “प्रस्तुत संशोधनामध्ये प्रस्तुत संशोधकाने...”

माझं संशोधन तुरीच्या मर रोगावर. मातीत राहणारी एक बुरशी मुळातून खोडात चढते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या चोंदवून टाकते, आणि हिरवंगार झाड उभ्या उभ्या वाळतं. त्याच मातीत दुसरी एक बुरशी असते, ती या पहिलीला खाते. शेतकी खात्याच्या भाषेत मित्रबुरशी. ती शोधायची, वाढवायची आणि तुरीला वाचवते का ते बघायचं, एवढं माझं काम. त्यासाठी हिमायतनगरपासून मुरुडपर्यंत इतक्या शेतांतली माती मी पिशव्यांत भरून आणली, की नांदेडच्या गाडीचे कंडक्टर मला बघून विचारायचे, “बाई, शेत विकत घेतलं का? मग घरी घेऊन चाललाव का हप्त्याहप्त्यानं?”

काम झालं, प्रबंध झाला. नांदेडला विभागात प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण झालं. तिथं मी काय केलं? जे सगळे करतात तेच. प्रबंध उचलून पडद्यावर ओतला आणि वाचत सुटले. अक्षरं एवढी बारीक की पडद्यावर मुंग्यांची वरात निघाल्यासारखी. समितीतल्या एका सरांनी आधी चष्मा काढला, मग घड्याळ काढलं, मग चप्पल काढली. अजून थोडा वेळ मी वाचलं असतं तर अंथरूण मागवलं असतं. दुसरे सर इतके गाढ झोपले, की त्यांच्या घोरण्याच्या तालावर मी स्लाइड बदलत होते. आणि कधी नव्हे ते बरोबर वेळेत संपलं.

जागे एकच होते, माझे मार्गदर्शक सर. आमचे सर म्हणजे बोलण्याच्या बाबतीत कायमचा दुष्काळ. दिवसभरात ते जे बोलतात त्यातलं निम्मं ‘हं’ असतं. पण त्या ‘हं’चे प्रकार आम्हा विद्यार्थ्यांना तोंडपाठ. आखूड ‘हं’ म्हणजे चालू द्या. खालून वर जाणारा ‘हं’ म्हणजे पुन्हा करा. त्या दिवशी त्यांनी दोन्ही सोडून चक्क दोन वाक्यं उच्चारली.

“काम चांगलं आहे. कुणाला कळलं नाही.”

आणि मग बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आला. प्रबंध ठीक आहे, पण निष्कर्षांवर किती भरवसा ठेवावा ते स्पष्ट होत नाही. मौखिक परीक्षेत समाधान झालं तरच पदवीची शिफारस करीन. म्हणजे इतक्या वर्षांची माती, इतक्या एसट्या, इतक्या कुंड्या, विभागामागचे इतके वाफे, सगळं त्या एका दिवसाच्या बोलण्यावर येऊन लटकलं. इकडं सासरी ‘सूनबाई डॉक्टर व्हायल्यात’ हे सगळ्यांना सांगून झालेलं. शेजारचे एक काका तर पाठ दाखवायला येऊनही गेले होते.

सर म्हणाले, “बोलायचं कुणाकडून तरी शिका. माझ्याकडून नको.”

म्हणून मी लातूरला. दाजींनी पहिल्या दिवशी माझ्या स्लाइडा शेतातलं हराळीचं गवत उपटावं तशा उपटल्या.

“ही कशाला?”

“ते तक्ते हायत दाजी. दोन वर्षांचं काम हाय ते!”

“मंग रड. पर भायेर जाऊन रड. लोकाला तुजी मेहनत न्हाई बघायची, तुला काय गावलं ते बघायचंय. एकच गोष्ट सांग. बाकीचं प्रबंधात हाय की, कोन पळवून नेतंय?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सरळ वर्गावर सोडलं. वेळ दुपारी जेवणानंतरची. बाहेर लातूरचं ऊन, आत खच्चून भरलेली पोरं-पोरी, आणि कूलर असा की वारा कमी आणि विमान जास्त. दाजी दारात हाताची घडी घालून उभे. मी सुरू केलं, “प्रस्तुत संशोधनामध्ये...” मधल्या रांगेतून लगेच आवाज आला.

“मॅडम, पेपरात येतं का?”

खोटं कसं बोलणार? “न्हाई,” मी म्हणाले.

टक्. अख्ख्या हॉलनं एकदम पेनांची टोपणं लावली. मी गारपीट ऐकलेली आहे, पत्र्याखाली बसून ऐकलेली आहे. पण असा आवाज कधी ऐकला नाही. मी दाजींकडे बघितलं. दाजींनी छताकडे बघितलं.

पिशवीत वाळलेलं तुरीचं झाड होतं, विभागातून सहज आणलेलं. हाताला काहीतरी काम म्हणून मी ते काढलं आणि खोड नखानं उभं फाडलं. आतून काळपट रेघ वरपर्यंत गेलेली. मी ते उंच धरलं. “हे झाड मेलं तेव्हा वावरात चांगली ओल होती. आदल्याच दिवशी पाऊस झाला होता. तरी हे तहानेनं मेलं. कसं काय?”

आणि मी गप्प झाले. त्यात कला वगैरे काही नव्हती. पुढचं वाक्य आठवत नव्हतं. पण काय सांगू, त्या शांततेत एक टोपण निघालं. मग दुसरं. मागच्या बाकावरची एक पोरगी उभी राहून म्हणाली, “मॅडम, नळी चोंदली काय?” तिच्या शेजारची म्हणाली, “कशानं चोंदंल? तिथं काय प्लास्टिकची पिशवी अडकली का?” आणि वर्ग पेटला. शेवटी तास संपल्याची घंटा झाली तेव्हा पोरं उठेनात. पुढच्या बॅचची पोरं दारात गर्दी करून आतल्यांना शिव्या देत होती. (अक्का म्हणते, दोघंतिघंच होती. अक्का मेथी निवडताना कधी वर बघत नाही.)

त्या पोरापोरींचे माझ्यावर फार उपकार आहेत. पेपरात न येणारी गोष्ट त्यांनी भर दुपारी ऐकून घेतली. आता त्यांतली कितीतरी खरीखुरी डॉक्टर झाली असतील, पाठ दाखवायला जाण्याजोगी.

दाजींनी माझ्या विसरण्याचं लगेच शास्त्र बनवलं. “प्रश्न टाकलास की गप बसायचं. तीन श्वास. घाईनं उत्तर दिलंस की त्यांचा प्रश्न मेला. शेवटच्या रांगेकडं बघत, गप.” मग ती तीन श्वासांची विश्रांती मी घोटली. अक्काच्या स्वयंपाकघरात घोटली, रिक्षात घोटली, अहमदपूर-लोहा मार्गे नांदेडला जाताना गाडीत घोटली. शेजारच्या सीटवरच्या बाईला मी विचारलं, “झाडाभोवती ओल होती, तरी ते का मेलं?” आणि गप्प बसले. ती लोह्यापर्यंत माझ्याकडे बघत होती. मग उतरली. तिचं गाव बहुतेक पुढं होतं.

नांदेडला सरांसमोर सगळं एकदा करून दाखवलं. सरांनी आखूड ‘हं’ केला. मी हवेत. मग म्हणाले, “एक राहिलं. माहीत नसलेलं विचारलं तर?”

“दाजी म्हणतात, हॉलमधी कधी न्हाई म्हणायचं न्हाई. गाडी आपल्या रस्त्याला वळवायची.”

सर “वळवू नका,” म्हणाले.

झालं, तो दिवस उजाडला. आमच्याकडची खुली मौखिक परीक्षा ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते: ती परीक्षा कमी आणि साखरपुडा जास्त असते. निकाल दुपारी लागायचा असतो, पण जिलबीची ऑर्डर आदल्या दिवशीच गेलेली असते. मुरुडाहून जीप भरून माणसं आली. जीपमध्ये जेवढी मावतात तेवढी आत, आणि उरलेली कशी आली ते मी विचारलं नाही. आई होती, अक्का-दाजी होते, आणि सगळ्यांच्या पुढं मोठी मावशी, हातात कापडी पिशवी घट्ट धरून. पिशवीत काय आहे ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

बाहेरचे परीक्षक सर बारीक चणीचे, इस्त्रीच्या घडीसारखे सरळ. त्यांनी माझा प्रबंध टेबलावर ठेवला, तर त्यातून रंगीत चिठ्ठ्या अशा बाहेर आलेल्या, जणू त्याला पिसं फुटली होती. माझे सर पहिल्या रांगेत, गुडघ्यांकडे बघत.

मी पडद्याकडे पाठ केली. झाड उंच धरलं, खोड फाडलं, काळी रेघ दाखवली. आवाज असा लागला की शेवटच्या रांगेतले दाजी बसल्या जागी ताठ झाले. “या झाडाच्या मुळाशी ओल होती. तरी हे तहानेनं मेलं. का?”

आणि गप्प बसले. एक श्वास. परीक्षक सर किंचित पुढं झुकले. दोन श्वास. हॉलमध्ये पंखा सोडून काही हलेना. अशी शांतता त्या सभागृहानं बांधल्यापासून अनुभवली नसेल.

तिसऱ्या श्वासाला मावशीचं कुजबुजणं आलं. मावशीचं कुजबुजणं गोदावरीच्या पल्याड ऐकू जातं.

“झालं वाटतं. लई छान बोलली पोरगी.”

आणि तिनं टाळ्या वाजवल्या. मावशीनं वाजवल्या म्हणून तिच्या रांगेनं वाजवल्या, रांगेनं वाजवल्या म्हणून मागच्या रांगांनी. मावशी उठली. पिशवीतून शाल निघाली, नारळ निघाला, फेटा निघाला.

“मावशी, आत्ता न्हाई! थांब, आत्ता न्हाई!”

“गप. लाजू नगंस.”

शाल माझ्या खांद्यावर आली. आणि मग जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. आमच्या भागात शाल उलगडली की माणसाचे पाय आपोआप फोटोकडे वळतात. तिथं डोक्याचा संबंध येत नाही. विभागप्रमुख उठले. समितीतले सर उठले. आधीच्या सादरीकरणात घोरणारे सर तर सगळ्यात आधी उठले. सगळे माझ्या दोन्ही बाजूंना ओळीनं उभे राहिले. कुणीतरी बाहेरच्या परीक्षकांनाही दंडाला धरून आणलं, आणि नारळ देण्याच्या मुद्रेत त्यांचा हात माझ्या हाताखाली ठेवला. फोटो निघाला. फेटा बांधून झाला. पुन्हा टाळ्या.

टाळ्या विरल्यावर परीक्षक सरांनी नारळाखालचा आपला हात काढून घेतला. “मी अजून निकाल दिलेला नाही,” ते म्हणाले.

ओळ मोडली. सगळे खुर्च्यांकडे असे परतले, जणू कुणी उठलंच नव्हतं. मावशी तेवढी तिथंच उभी राहून विचारत होती, “म्हंजे? नापास हाय का?” आईनं तिचा पदर ओढून तिला बसवलं. मागं दाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

मी तिथं उभी. डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्यात मेलेलं झाड. पाठ केलेलं सगळं भाषण उडून गेलं. पण खरं सांगते, भीतीसुद्धा त्याच्याच मागं गेली. एवढी शोभा झाल्यावर अजून काय व्हायचं राहिलं होतं?

“सर,” मी म्हणाले, “सत्कार झालाय, काम सांगायचं राहिलंय. आता नापास केलंत तर ही शाल दुकानदार परत घेणार न्हाई. तेव्हा जरा नीट ऐकून घ्या.”

हॉल हसला. परीक्षक सरांच्या ओठाचा एक कोपरा हलला, बाकीचा जागेवरच राहिला. आणि मी बोलायला लागले. नळावर बोलते तशी. झाडाच्या नळ्या कोण चोंदवतं, ते मातीत कुठं लपतं, त्याला खाणारी दुसरी कशी सापडली, कुठल्या कुंडीत तूर जगली आणि कुठल्या कुंडीत माझी फजिती झाली. तक्ता एकच दाखवला, त्याच्यावर बोट ठेवून दाखवला. नारळ बाजूला ठेवायचं सुचलंच नाही, तोच मातीचं ढेकूळ म्हणून वापरला. मागच्या रांगेतली माणसं पुढं सरकून बसली. एरवी आमच्याकडे भाषण ऐकताना माणसं सरकतात ती दाराकडे.

मग परीक्षक सरांनी एक रंगीत चिठ्ठी धरून पान उघडलं.

“तुमची ही बुरशी तुरीला वाचवते, मान्य. पण एकदा मातीत घातल्यावर ती पुढच्या वर्षी तिथं टिकते का? की शेतकऱ्यानं दर वर्षी नव्यानं घालायची?”

मला उत्तर माहीत नव्हतं. मी दर हंगामाला नव्यानं घातली होती. टिकते का, ते बघितलंच नव्हतं. शेवटच्या रांगेतून दाजी डोळ्यांनी खुणावत होते: वळव, गाडी वळव. आणि वळवता आली असती. आवाज लागला होता, हॉल माझ्या बाजूला होता. मित्रबुरशीच्या थोरवीवर मी असं काही बोलले असते की मावशीनं दुसरी शाल मागवली असती. पहिल्या रांगेत सर अजून गुडघ्यांकडेच बघत होते.

“माहीत न्हाई, सर,” मी म्हणाले.

“आगं बाई,” मावशी म्हणाली.

“मी दर हंगामाला नव्यानं घातली. त्यामुळं ती टिकली म्हणून तूर वाचली, की नवीन घातली म्हणून, हे मला आज सांगता येणार न्हाई. ते बघायचं तर ज्या वाफ्यात एकदा घातलीय तोच वाफा तसाच ठेवायचा, वरून काही न घालता त्यात तूर पेरायची, आणि काही वर्षं नुसतं बघत राहायचं. तेवढं झाल्याशिवाय मी शेतकऱ्याला ‘एकदाच घाला’ असं म्हणणार न्हाई.”

परीक्षक सर लिहीत राहिले. एवढा वेळ लिहीत राहिले की तेवढ्यात तूर पेरून काढणीला आली असती. मग पेन बंद करून म्हणाले, “हे प्रबंधात लिहा. प्रबंध वाचताना वाटत होतं, या बाईंना सगळंच माहीत आहे. त्याचीच मला काळजी वाटत होती.” आणि उभं राहून त्यांनी शिफारस जाहीर केली.

मावशीला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती उठून आली, माझ्या खांद्यावरची शाल काढली, झटकली, आणि तीच पुन्हा घातली. विभागप्रमुख पुन्हा उठले. ओळ पुन्हा लागली. या वेळी परीक्षक सर आपणहून आले.

मी सगळ्यांचे आभार मानत सुटले. दाजींच्या पाया पडले, तर ते म्हणाले, “ते ‘माहीत न्हाई’ म्हनलीस न, माजा बीपी ढगात गेला. पर आता मीबी वर्गात म्हनून बघतो एखांद्या बारी.” मावशीच्या तर दोनदा पाया पडले. ती त्या क्षणाला उठली नसती, तर मी दाजींचं भाषण पोपटासारखं बोलून गेले असते, आणि त्यात ‘माहीत न्हाई’ला जागाच नव्हती.  आई माझ्या डोक्यावरचा फेटा सारखा करत राहिली, सारखा असतानाही.

जेवणाच्या रांगेत सर माझ्या पुढं होते. मी त्यांना गाठलं आणि माझं आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण तिथं केलं, हातात ताट घेऊन. तुम्ही नसतात तर मी गाडी वळवली असती सर, तुमच्या एका वाक्यानं मला पदवी मिळाली सर, तुमचे उपकार मी कसे फेडू सर. मागची माणसं आम्हाला ओलांडून जिलबीपर्यंत पोचली, पोटभर जेवली, हात धुऊन आली, तरी माझं चालूच. शेवटी मी म्हणाले, “एकच हळहळ वाटते. परीक्षक सरांच्या प्रश्नाचं उत्तर आता मिळायचं न्हाई. विभागामागची जागा गाड्या लावायला सपाट केलीय म्हणे. आपले वाफे तर कधीच गेले असतील.”

सरांनी ताटात भात घेतला. त्यावर वरण घेतलं.

“आपला वाफा मी मोडू दिलेला नाही,” ते म्हणाले. “सोमवारी या.”